टीव्ही नॉर्मलवर, कॉम्प्युटर इन्स्पेक्शनवर

आमच्या घरात स्पीकरचा संच एकच आहे आणि त्यावर हक्क सांगणारे तिघं. दोन तळहाताएवढे स्पीकर आणि एक खोक्यासारखा वूफर. घेतले होते माझ्या कॉम्प्युटरसाठी, माझ्या कामासाठी. पण दोन वर्षांपूर्वी टीव्हीचा स्वतःचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग नुसती फरफर यायला लागली आणि एका संध्याकाळी बातम्या देणारी बाई साफ मुकी झाली. चित्र मात्र ठणठणीत. असा टीव्ही टाकून देणं बाबांच्या तत्त्वात बसत नाही. एक भाग गेला म्हणून आख्खं यंत्र फेकणारा माणूस त्यांच्या लेखी यंत्राजवळ उभं राहायच्याही लायकीचा नसतो.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. एकतीस वर्षं झाली. कामावर त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे डॉक्टर म्हणतात. कारण त्यांची तपासण्याची पद्धत. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने सांगायचं, ‘मागचं बेअरिंग. अजून दोन महिने काढेल.’ आणि ते बरोबर दोन महिने काढायचं. साहेब लोक मीटर लावून आकडे मांडायचे आणि निघताना हळूच विचारायचे, डॉक्टरांचं काय म्हणणं आहे? हे सगळं मला बाबांनीच सांगितलेलं आहे, तेव्हा थोडा मीठमसाला धरून चालावं.

टीव्ही आणि कॉम्प्युटर यांच्यात स्पीकर वाटून घ्यायची युक्ती त्यांचीच. लिफ्टच्या छतावर, म्हणजे आपण ज्या डब्यात उभे राहतो त्याच्या डोक्यावर, एक गोल खटका असतो. एका बाजूला नॉर्मल, दुसऱ्या बाजूला इन्स्पेक्शन. मेकॅनिक वर चढला की पहिलं काम म्हणजे तो खटका इन्स्पेक्शनवर फिरवायचा. मग मजल्यामजल्यावर लोकांनी बटणं बडवली तरी लिफ्ट जागची हलत नाही. भंगारात निघालेल्या एका लिफ्टची असली पेटी बाबा घरी घेऊन आले, आतल्या वायरी बदलल्या आणि टीव्हीच्या टेबलावर ठोकून टाकली. खटका नॉर्मलवर असला की टीव्हीचा आवाज, इन्स्पेक्शनवर असला की कॉम्प्युटरचा.

“माझं पोटापाण्याचं काम ते इन्स्पेक्शन आणि आईची मालिका ती नॉर्मल?” मी भांडले होते.

“घरात काय नॉर्मल ते तुझी आई ठरवते,” बाबा म्हणाले, “मी फक्त वायरिंग करतो.”

खटक्याबरोबर त्याचा नियमही घरात आला. ज्याने फिरवला त्यानेच परत फिरवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. कामावर या नियमाला माणसाचा जीव बांधलेला असतो. घरात फक्त भांडणं वाचायची. आईची मालिका सुरू व्हायची वेळ झाली आणि मी खटका इन्स्पेक्शनवर ठेवून आंघोळीला गेले, तरी आई मुकी मालिका बघत बसायची, पण खटक्याला हात लावायची नाही. बाबांचा धाकच तसा होता.

कामावरची आणखी एक पद्धत तर माझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे. हाक, तीच हाक परत, मग हालचाल. लिफ्ट अडकली की एक जण वर मशीनच्या खोलीत जाऊन हाताने ब्रेक सोडतो आणि दुसरा डब्याच्या छतावर असतो. वरचा ओरडतो, ‘सोडतोय.’ छतावरचा ओरडतो, ‘सोड.’ तो शब्द ऐकू आल्याशिवाय वरच्याने ब्रेकला बोट लावायचं नाही. तास गेला तरी नाही. आम्ही घरात कपाट हलवायचं असलं तरी बाबा एका टोकाला वाकून म्हणतात, “उचलतोय,” आणि मी दुसऱ्या टोकाला “उचला” म्हटल्याशिवाय कपाट जमीन सोडत नाही. लहानपणी मैत्रिणींसमोर मला याची फार लाज वाटायची.

आईची खोड वेगळीच. मालिका बघताना ती प्रत्येक वाक्य परत म्हणते. पडद्यावरची सासू म्हणाली, ‘या घरात मी राहणार नाही,’ की आई म्हणते, “बघा, म्हणते या घरात राहणार नाही.” बातम्यांचंही तसंच. मला वाटायचं, वय झालं, बडबड वाढली. मी किती वेळा तिच्यावर खेकसले असेन, आम्हाला कान आहेत म्हणून.

आणि बाबा? बाबा सांगतात. जेवताना सांगतात, चहा घेताना सांगतात, चपला घालतानाही सांगत असतात. आज कुठली लिफ्ट कुठे अडली, आत कोण अडकलं होतं, कोण रडलं, कोण शिव्या देत होतं. विचारत मात्र काही नाहीत. तुझं काम कसं चाललंय, तुला बरं वाटतंय का, एवढंसुद्धा नाही. माझा त्याबद्दल त्यांच्यावर राग होता. मी मनात म्हणायचे, या माणसाला स्वतःचा आवाज सोडून दुसरा कुठला आवडतच नाही.

माझं काम म्हणजे लोकांची बोलणी ऐकून टाइप करायची. व्याख्यानं, मुलाखती, बैठका. कोणी पुटपुटलेलं, कोणी खोकत म्हटलेलं, दोघं एकदम बोललेले, सगळं वेगळं काढून लिहायचं. दिवसभर कानात हेडफोनची बोंडकी घातली की कान ठणकतात, म्हणून स्पीकर. ऐकण्यात आपला हात धरणारं कोणी नाही, अशी माझी समजूत होती.

ती समजूत मंगळवारी उतरली.

त्या संध्याकाळी आई खाली शेजारणीकडे गेली होती. मी खटका इन्स्पेक्शनवर टाकून एक बैठक टाइप करत होते, तेवढ्यात माझा फोन आला. मी टाइप करणं थांबवलं आणि खोलीतच येरझारा घालत बोलायला लागले. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, खुर्चीत बसले आणि टीव्ही लावला. खटका मी फिरवलेला होता, तेव्हा टीव्ही मुकाच असणार. पंखा चालू, खाली रस्त्यावर गाड्या आणि पडद्यावर ओठ हलवणारी ती बाई. बाबा मान डोलावत बघत होते. नियम पाळतायत बिचारे, असं माझ्या मनात आलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोनवर आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रिमोट उचलला, टीव्हीकडे धरला आणि बटण चार-पाच वेळा दाबलं. पडद्यावर आवाजाची रेघ सरासर खाली आली.

“तुझं बोलणं चाललंय म्हणून कमी केला,” ते म्हणाले.

फोनवरची व्यक्ती काय बोलत होती ते मला कळेना. मी टेबलाकडे बघितलं. खटका इन्स्पेक्शनवरच होता. म्हणजे त्यांनी नसलेला आवाज कमी केला होता, माझ्यासाठी, चांगुलपणाने.

मी फोन ठेवला आणि हलकेच “बाबा” म्हटलं. ते टीव्ही बघत राहिले. जरा मोठ्याने म्हटलं. ते बघत राहिले. तिसऱ्यांदा मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी हसून मान वर केली आणि कुठल्यातरी सातव्या मजल्यावरच्या दाराची हकीकत सुरू केली. मी मान हलवत राहिले. एक शब्द डोक्यात शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाले आणि माझा जीव टांगणीला लागला. एरवी मी त्यांना दार लावताना बघतही नसे. त्या दिवशी ते रस्त्याच्या वळणावर दिसेनासे होईस्तोवर मी खिडकीत होते. मागून एक स्कूटर आली. हॉर्न वाजवत होती, बाबा रस्त्याच्या मधूनच चालत होते. स्कूटरवाला वळसा घालून, हातवारे करत गेला. बाबांनी त्याला हात केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा.

दिवसभर मी टाइप करायला बसले आणि सारखी एक विहीर डोळ्यांपुढे. लिफ्टचा डबा ज्यातून वरखाली जातो ती विहीर मी एकदाच बघितली आहे, शाळेत असताना. खाली बघितलं तर काळोख, वर बघितलं तर काळोख, मधे लोंबणारे तेलकट दोर. त्या काळोखात बाबा एका डब्याच्या छतावर उभे राहून हाकेची वाट बघतात. आणि हाक ऐकू येत नाही.

संध्याकाळी ते धडधाकट परत आले. मी त्यांच्या मागे उभी राहून चमचा पाडला. काही नाही. ताटली पाडली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, बाबांनी मान वळवली नाही. मालिका लागली आणि आई बोलायला लागली, “म्हणते, मुलीला घेऊन जाते.” त्या दिवशी मी पहिल्यांदा टीव्हीऐवजी आईकडे बघितलं. वाक्य परत म्हणताना तिचं तोंड टीव्हीकडे नव्हतं. बाबांकडे होतं. आणि बाबांची नजर तिच्या ओठांवर.

रात्रीची भांडी घासताना मी तिला गाठलं.

“तुला माहीत आहे.”

“काय?” ती म्हणाली आणि नळ मोठा केला.

“आई.”

तिने नळ बंद केला. हात पदराला पुसले, परत ओले केले. “दीड वर्ष झालं,” ती म्हणाली. “मशीनच्या खोलीत उभं आयुष्य गेलं त्यांचं. एवढ्या आवाजात कान राहणार किती दिवस?”

“तू बोलली नाहीस.”

“ते बोलले नाहीत, म्हणून मी बोलले नाही. कामावर त्यांना डॉक्टर म्हणतात गं. ज्या कानासाठी म्हणतात, तोच गेला हे कुठल्या तोंडाने सांगायचं माणसाने?”

“आणि त्या विहिरीत काही झालं म्हणजे?”

“मामा आहेत ना तिथे,” आई म्हणाली. तिने हे इतक्या खात्रीने म्हटलं की मला ती खात्री तिने स्वतःसाठी खूप दिवस घोटलेली आहे हे कळलं.

मामा म्हणजे बाबांचे जोडीदार. माझे कोणी नव्हेत, सगळ्या जगाचे मामा. गेली अठरा वर्षं दोघं एकाच जोडीत. एक वर, एक छतावर.

गुरुवारी दुपारी बाबा लवकर आले. आई झोपली होती, मी बाजारात जाते म्हणून निघाले आणि पिशवी विसरली म्हणून परत आले. बाबा वूफरसमोर जमिनीवर बसले होते. कॉम्प्युटरची पिन काढून त्यांनी आपल्या फोनला लावली होती आणि फोनवर कुठल्यातरी मोटारीचा आवाज टिपून आणलेला होता. खोलीभर घरघर. त्यांचा तो लांब स्क्रूड्रायव्हर वूफरच्या लाकडाला टेकवलेला आणि त्याची मूठ कानामागे नव्हती, दातांत होती. ते डोळे मिटून मूठ चावत बसले होते. कपाळाची शीर फुगली होती. मधूनच थांबवत, परत लावत, परत चावत. असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. मी पिशवी न घेताच जिना उतरले आणि खाली पायरीवर बसून रडले.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “त्या दवाखान्याच्या लिफ्टचं पुढचं बेअरिंग गेलंय. आवाजावरून ओळखलं मी.” आईने त्यांना वाढलं. मी मान खाली घालून जेवत राहिले.

शुक्रवारी मामा घरी आले. बाबा अजून यायचे होते. मामा बसले नाहीत, दारातच टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, सोमवारपासून आपली बदली कार्यालयात झाली. गुडघे गेले, जिने चढवत नाहीत, साहेबांनी टेबलावर बसवलंय. आईच्या हातातलं भांडं खाली ठेवताना वाजलं.

“आणि यांच्याबरोबर?”

“नवा माणूस येतोय. दुसऱ्या विभागातून. चांगला आहे म्हणतात.”

मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले. एक मजला आम्ही उतरलो. मग मीच म्हटलं, “मामा, बाबांना ऐकू येत नाही.”

ते कठड्याला धरून थांबले. “हळू बोल,” म्हणाले आणि लगेच स्वतःच कसंनुसं हसले. “वर्ष झालं मला कळून. त्याला मी कधी बोललो नाही, तो मला कधी बोलला नाही. मी हाक मारतो आणि हाकेबरोबर, डबा ज्या रुळावरून सरकतो त्यावर पान्याने ठोकतो. एक ठोका थांब, दोन ठोके सोडतोय. रूळ हादरतो, त्याच्या पायाला कळतं. मग तो सोड म्हणतो.”

“मग नव्या माणसाला सांगा ना ठोकायला.”

“काय म्हणून सांगू?” मामा एक पायरी उतरले, परत चढले. “आणि ठोकूनही भागत नाही, पोरी. गेल्या महिन्यात मी हाकच मारली नव्हती. वर कोणीतरी दार आपटलं, रूळ हादरला असेल. हा खालून म्हणाला, सोड. मला वाटलं, तयार आहे. सोडला ब्रेक. हा कडेला वाकून रुळाला ग्रीस लावत होता. डबा वर जायला लागला की पलीकडून वजन खाली येतं, माहीत आहे ना? लोखंडाची लादी, माणसाच्या दहापट. त्याच्या डोक्याजवळून गेली. एवढ्यावरून.” त्यांनी वीत दाखवली. “मी घरी जाऊन जेवलो नाही दोन दिवस. गुडघ्यांचं मीच साहेबांना सांगितलं. गुडघे दुखतात, खोटं नाही. पण मला आता त्याचा ब्रेक हातात धरवत नाही.”

“मग साहेबांना बाबांचंही सांगायचं होतं.”

“हो,” मामा म्हणाले. “सांगायला हवं होतं. अठरा वर्षं डॉक्टर म्हटलंय त्याला. जीभ रेटली नाही.”

मला त्यांचा इतका संताप आला की मी निरोपसुद्धा घेतला नाही. गुडघ्यांच्या नावाखाली तुम्ही सुटलात आणि बाबांना तिथेच टांगून ठेवलंत, असं मला म्हणायचं होतं. वर येताना प्रत्येक पायरीला वाटत होतं, मी तरी काय वेगळं करतेय? बुधवार ते शुक्रवार, तीन दिवस मीही रोज सकाळी त्यांना त्या विहिरीत जाऊ दिलंच.

शनिवार मी नुसता मनाची तयारी करण्यात घालवला. साहेबांना परस्पर फोन करावा असं दहादा मनात आलं आणि दहादा फोन खाली ठेवला. बाबांच्या पाठीमागे त्यांचा खटका आपण फिरवायचा, हे काही मनाला पटेना.

रविवारी संध्याकाळी मालिकेच्या वेळी दोघं आपापल्या जागी बसली. आई म्हणत होती, “बघा, म्हणते मी कागदावर सही करणार नाही.” मी टेबलाशी गेले आणि खटका इन्स्पेक्शनवर फिरवला. टीव्ही मुका झाला. आईने दचकून माझ्याकडे बघितलं. बाबा पडदा बघत होते.

मी त्यांच्या खुर्चीमागे चार पावलांवर उभी राहिले आणि कामावर मारतात तशी, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली. “सोडतेय.”

उत्तर नाही.

“सोडतेय.”

आईने तोंडावर हात धरला. मी तिसऱ्यांदा म्हटलं. उत्तर आलं नाही. उत्तर येत नाही तोवर हलायचं नाही. मला त्यांनीच शिकवलं होतं, तास गेला तरी नाही. मी उभी राहिले. पंखा फिरत होता. पडद्यावरची बाई खूप काही बोलत होती आणि आईजवळ परत म्हणायला एक शब्द नव्हता.

आईचं बोलणं थांबलंय हे आधी बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांकडे बघितलं, मग ती बघत होती तिकडे, मागे वळून माझ्याकडे. मग टेबलावरच्या खटक्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

“आवाज बंद आहे,” ते म्हणाले.

“हो.” मी समोर येऊन जमिनीवर बसले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी. “मी तीनदा हाक मारली, बाबा. सोडतेय म्हटलं.”

त्यांनी माझ्यावरची नजर काढून दाराकडे बघितलं.

“मामा बोलला.”

“त्यांच्या आधी मला कळलं. मंगळवारी तुम्ही टीव्हीचा आवाज कमी केलात तेव्हाही टीव्ही मुकाच होता.”

त्यांनी टीव्हीकडे बघितलं, जणू त्यानेच चुगली केली. “नवा माणूस समजूतदार आहे म्हणतात. मी सांभाळून घेईन. अंदाज येतो मला.”

“अंदाजाने सोड म्हणालात म्हणून ते वजन डोक्याजवळून गेलं.”

“माझं डोकं आहे,” बाबा म्हणाले. आवाज चढला होता. “माझा मी बघेन.”

“आणि तुम्ही वर असाल तेव्हा?” मी म्हटलं. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीचाच राग आला होता. “तुम्ही वर, ब्रेक तुमच्या हातात आणि तो नवा माणूस छतावर वाकलेला. तो ओरडला, थांब. मामांना ठाऊक होतं, ते तुमच्यासाठी रूळ ठोकायचे. त्याला कोणी सांगितलेलं नाही. तो ओरडत राहील, बाबा. त्याला वाटेल तुम्ही ऐकताय.”

हे सगळं मी सावकाश म्हटलं, एकेक शब्द. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटच्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले, मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावल्यावर मिटायचे तसे. आई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. त्यांनी तो हात थोपटला, बाजूला केला आणि उठले.

ते टेबलाशी गेले. कॉम्प्युटरची पिन काढली आणि आपल्या फोनला लावली. साहेबांचा नंबर काढला, माझ्याकडे बघून म्हणाले, “तू समोर उभी राहा. जे येईल ते जसंच्या तसं. गोड करून सांगायचं नाही.” मग ते वाकले आणि वूफरवर डावा हात सपाट ठेवला.

फोन लागला. घंटी खोलीभर घुमली, त्यांच्या हाताखालून. साहेबांचा आवाज आला, “बोला डॉक्टर, रविवारी आठवण काढलीत.”

मी तेवढंच परत म्हटलं.

“साहेब,” बाबा म्हणाले, “माझे कान गेलेत. दीड-दोन वर्षं झाली. मी लपवून ठेवलं. उद्यापासून नव्या माणसाला माझ्या जोडीत देऊ नका, त्याच्या जिवाला धोका आहे.”

स्पीकरमधून काहीच येईना. बाबा माझ्याकडे बघत होते आणि माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं. “गप्प आहेत,” मी म्हटलं.

मग साहेब बोलले, हळू, एकेक वाक्य तोडून. “उद्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या. कागद घेऊन मला भेटा. बाकीचं बसून बघू.” मी ते सांगितलं. “आणि डॉक्टर, उद्यापासून छतावर चढायचं नाही.”

ते मला सांगता येईना. एकतीस वर्षं रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून गेलेला माणूस माझ्यासमोर वाकून उभा होता. हात वूफरवर, नजर माझ्या ओठांवर. तो वाट बघत होता. शब्द मिळाल्याशिवाय तो हलणार नव्हता.

“उद्यापासून,” मी म्हटलं, “छतावर चढायचं नाही.”

“उद्यापासून छतावर चढायचं नाही,” बाबांनी मोठ्याने परत म्हटलं, कामावरच्या आवाजात. पलीकडून साहेबांनी “ठीक” म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबांनी पिन काढून कॉम्प्युटरला परत लावली. खटक्याकडे हात नेला आणि थांबले. “तू फिरवलायस,” ते म्हणाले. “तूच फिरव.”

मी खटका नॉर्मलवर केला. मालिकेचा आवाज एकदम खोलीभर झाला. पडद्यावर ती बाई कागद हातात घेऊन रडत काहीतरी बोलत होती. बाबा आपल्या खुर्चीत येऊन बसले, जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग आईकडे वळले.

“काय म्हणतेय ती?” त्यांनी विचारलं.

आईने ऐकलंच नव्हतं, ती पदरात तोंड खुपसून बसली होती. मग मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं.